पोहण्याचे शिक्षक

वैशाख लागला की यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या जमिनीला भेगा पडू लागतात. पराटी केव्हाच उपटून झालेली असते, शेतांत फारसे काम नसते आणि दुपारच्या उन्हात घराबाहेर पडण्यास कोणी धजत नाही. पूर्वी अशा दिवसांत गावाजवळच्या मळ्यातील एखाद्या विहिरीवर सकाळपासून मोठी गडबड चाले. आठदहा मुले काठावर जमत. ज्यांना पोहता येई ती थारोळ्यावरून मुटका मारून पाणी उडवीत. ज्यांना येत नसे ती पायऱ्यांवर अंग चोरून बसत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधलेला असे. भोपळा न मिळाल्यास घासलेटचा रिकामा डबा तोंड पक्के बंद करून बांधीत. मुलाच्या कमरेला दोर आणि दोराचे दुसरे टोक काकांच्या मुठीत.

"भेऊ नोको बाप्पा, मी हावो ना इथं!" काका म्हणत, आणि मुलगा डोळे मिटून पाण्यात उतरे.

पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी जाई. दुसऱ्या दिवशी पाय हलू लागत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोठा भोपळा जाऊन त्याच्या जागी लहान येई. मग एके दिवशी काका मुलाला नकळत दोर सैल सोडीत, आणि विहिरीचा घेर पार करून समोरच्या पायरीला हात लावल्यावर मुलाला कळे की, आपण दोराच्या आधाराने आलो नाही. या काकांना कोणी शिक्षक म्हणत नसे. त्यांनी फी घेतली नाही आणि प्रमाणपत्रही दिले नाही. पण गावातील दोन पिढ्यांना त्यांनी पोहावयास शिकविले होते.

मात्र सगळेच काका असे धीराचे नसत. 'पाण्यात ढकलले की आपोआप पोहायला येते' असे मानणारी माणसे गावोगाव होती, आजही आहेत. अशा रीतीने काही मुले शिकली हे खरे; परंतु कित्येकांच्या मनात पाण्याची अशी धास्ती बसली की, त्यांनी जन्मभर नदीकाठी पाय ठेविला नाही. शिवाय विहिरीवरच्या या शाळेत मुलींना बहुधा प्रवेशच नसे. घागर भरण्यासाठी रोज पाण्याशी जावयाचे ते मुलींनी, आणि पोहणे शिकावयाचे ते मुलांनी, असा हा उलटा न्याय होता.

पुढे दिवस पालटले. मोट गेली, तिच्याबरोबर थारोळे गेले. विहिरींची जागा पुष्कळ ठिकाणी विंधणविहिरींनी घेतली. त्यांत हंडा बुडत नाही, मग माणूस कोठून पोहणार? पोहणे शिकण्याची जागा अशी कमी होत असतानाच दुसरीकडे पाणी मात्र वाढले. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वर्धा नदी वाहते, दक्षिण सीमेवरून पैनगंगा. पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा या नद्या जिल्ह्याच्या पोटातून जातात आणि त्या प्रत्येकीवर आता धरण आहे. जेथे उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून बैलगाडी जात असे, तेथे आज बाराही महिने खोल पाणी पसरलेले दिसते. जलाशयाचा काठ फसवा असतो. वरून पाणी सपाट आणि शांत. खाली मात्र जुने नाले, झाडांचे बुंधे आणि पाय धरून ठेवणारा गाळ. दोन पावले कमरेइतके पाणी लागते आणि तिसऱ्या पावलास तळ सापडत नाही.

पावसाळ्यात तर ओढेनालेही नदीसारखे होतात. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून पाणी वाहत असताना एस.टी. ची एक बस त्यात वाहून गेली आणि माणसे दगावली. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला. तेथे सुमारे ४५ माणसे अडकली आणि त्यांच्या सुटकेसाठी वायुदलाची मदत मागवावी लागली. असा पूर हा पोहण्याचे कसब दाखविण्याची जागा नव्हे. पट्टीचा पोहणारादेखील त्यात काडीप्रमाणे वाहून जातो. वर्धा व पैनगंगा यांच्या काठचे भोई आणि ढीवर लोक लहानपणापासून पाण्यात वाढलेले असतात. पण तांबडे पाणी चढू लागले की डोंगा काठावर ओढून बांधून ठेवणारेही तेच असतात. पाण्याची भीती जाणे आणि पाण्याचा दरारा जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली घालविणे आणि दुसरा राखणे, हे पोहणे शिकविणाऱ्याचे काम होय.

हे काम किती मोठे आहे, याची कल्पना एका आकड्यावरून येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांच्या आतील बालके होती. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाने २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचाव करण्यासाठी पाळण्याचे ठरविले.

आता शहरांतून जलतरण तलाव झाले आहेत आणि तेथे पोहणे शिकविणे हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. या व्यवसायाचे तीन भाग ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. ज्याला पोहता येत नाही त्याला पोहावयास लावणारा तो शिक्षक. ज्याला पोहता येते त्याचा वेग वाढवून त्याला शर्यतीस तयार करणारा तो प्रशिक्षक. आणि काठावर बसून सर्वांवर नजर ठेवणारा तो जीवरक्षक. पुष्कळदा एकच मनुष्य ही तिन्ही कामे करतो; पण ती एकाच वेळी करणे धोक्याचे असते. कारण शिक्षकाचे लक्ष एका मुलाच्या हातापायांकडे लागले की, उरलेल्या वीस मुलांकडे त्याची पाठ होते.

तलावावर येणारे नवखे मूल प्रथम काय करते? ते कठडा घट्ट धरते. त्याचे खांदे कानांपर्यंत चढलेले असतात, मान ताठ आणि श्वास कोंडलेला असतो. या मुलाला हात कसे मारावेत हे सांगून काही उपयोग नाही. म्हणून चांगला शिक्षक हातापायांना हातच घालीत नाही. तो श्वासापासून आरंभ करतो. उथळ पाण्यात उभे राहून तोंड पाण्यात घालावयाचे आणि नाकातोंडाने बुडबुडे सोडावयाचे, एवढाच पहिला धडा. मुलांना तो खेळ वाटतो. परंतु पाण्यात श्वास सोडावयाचा आणि पाण्याबाहेर घ्यावयाचा ही सवय ज्याला लागली, त्याचे अर्धे शिकणे झाले. कठड्यावर बसून हात मारणे कोणालाही जमते; श्वासाची ही अदलाबदल मात्र पाण्यातच शिकावी लागते.

दुसरा धडा तरंगण्याचा. छातीत हवा भरून घेतली म्हणजे माणसाचे शरीर पाण्यापेक्षा किंचित हलके होते. किंचितच, म्हणून शरीराचा अगदी थोडा भाग पाण्याबाहेर राहू शकतो. तो भाग कोणता असावा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. घाबरलेला मनुष्य मदतीसाठी दोन्ही हात वर करतो; त्याबरोबर तितक्याच वजनाचे दुसरे काही पाण्याखाली जावे लागते, आणि जाते ते त्याचे तोंड. उलट, जो हात पाण्यातच पसरून उताणा पडतो आणि कान पाण्यात बुडू देतो, त्याचे नाक व तोंड वर राहते. नवख्या मुलाला हे पटत नाही. कान बुडणे म्हणजे आपणच बुडणे, असे त्याला वाटते. अशा वेळी शिक्षक त्याच्या मानेखाली एक तळहात ठेवतो आणि त्याला आभाळाकडे पाहावयास सांगतो. मूल आभाळाकडे पाहू लागले की त्याची मान सैल पडते. मान सैल पडली की पाय वर येतात. मग तळहात बोटभर खाली घ्यावयाचा, पुन्हा बोटभर. विहिरीवरचे काका दोर सैल सोडीत, ती हीच युक्ती होय. फरक इतकाच की, येथे फसवणूक नसते. 'आता हात काढतो' असे सांगून, मुलाने मान हलविल्यावरच चांगला शिक्षक हात काढतो. एकदा फसलेले मूल दुसऱ्या वेळी विश्वास ठेवीत नाही, आणि पाण्यात विश्वासावाचून काहीच शिकविता येत नाही.

यानंतरचे धडे तुलनेने सोपे. कठडा धरून पाय मारणे, भिंतीला पाय लावून बाणासारखे पुढे सरकणे, मग हात, मग कुशीला तोंड वळवून श्वास घेणे. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय असे शर्यतीतील चार प्रकार आहेत. ते सवडीने शिकता येतात. जागच्या जागी पाणी तुडवीत उभे राहणे मात्र प्रत्येकास यावयास हवे. त्याला पदक मिळत नाही, म्हणून ते शिकविण्याकडे दुर्लक्ष होते. पण पाण्यात अचानक पडलेल्या माणसाला उपयोगी पडते ते हेच.

शिक्षकाची खरी कसोटी त्याच्या हातांपेक्षा डोळ्यांत असते. नाटकांत व चित्रपटांत बुडणारा मनुष्य 'वाचवा, वाचवा' असे ओरडतो. प्रत्यक्षात बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. ओरडण्यासाठी श्वास लागतो आणि त्याला श्वासच मिळत नसतो. ते उभ्या स्थितीत, तोंड क्षणभर वर, क्षणभर खाली, असे करीत एका मिनिटाच्या आत शांतपणे दिसेनासे होऊ शकते. शेजारी खेळणाऱ्या मुलांना ते गंमत करीत आहे असे वाटते. म्हणून शिक्षक दर थोड्या वेळाने पाण्यातील डोकी मोजतो. मुलांच्या जोड्या लावून देतो आणि शिट्टी वाजताच प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात वर करावा असा नियम घालतो. तलावाचा खोल भाग गढूळ होऊन तळ दिसेनासा झाला, तर त्या दिवशी तो कोणाला पाण्यात उतरू देत नाही. पालक रागावतात, फी परत मागतात. चांगला शिक्षक ते बोलणे ऐकून घेतो. तलावाचे दार उघडीत नाही.

बुडणाऱ्याला वाचविण्याची विद्याही त्याने शिकलेली असते, आणि तिचा पहिला नियम ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटतो: शक्य तोवर पाण्यात उडी घेऊ नये. बुडणारा मनुष्य हाती येईल त्याला मिठी मारतो आणि वाचविण्यास गेलेल्यालाही खाली ओढतो. एकाला काढावयास गेलेले दोघे-तिघे गेले, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात, त्या यामुळेच. काठावर पालथे पडून बांबू पुढे करावा. दोर, धोतर किंवा साडी फेकावी. झाकण लावलेला रिकामा कॅन फेकला तरी तो धरून मनुष्य तरंगतो. जवळ नाव असेल तर नाव न्यावी. पोहत जाणे हा शेवटचा उपाय, आणि तोही शिकलेल्याने, हाती काही तरंगणारी वस्तू घेऊन करावयाचा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगून किंवा गरगर फिरवून पोटातील पाणी काढण्याची रीत खेड्यांत अजून दिसते. तिच्यात मोलाचा वेळ जातो. जुन्या पुस्तकांत पालथे निजवून पाठीवर दाब देण्याची पद्धत सांगितलेली असे. तीही आता मागे पडली आहे. बुडालेल्यास कमी पडलेला असतो तो श्वास. म्हणून त्याला उताणे निजवून, श्वास चालत नसल्यास प्रथम तोंडाने श्वास देतात. मग छातीच्या मध्यावर ३० वेळा दाब आणि २ श्वास, असा क्रम वैद्यकीय मदत येईपर्यंत चालू ठेवतात. हे काम वाचून येत नाही. शिक्षकाला ते पुतळ्यावर पुनःपुन्हा करून हाती बसवावे लागते.

अशी विद्या शिकण्यासाठी यवतमाळच्या मुलांना फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या अमरावती शहरात १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती. आखाड्यापासून आरंभ झालेल्या या संस्थेत आज शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय चालते. शाळेत क्रीडाशिक्षक व्हावयाचे तर पदवीनंतर शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यावी लागते. ज्याला जलतरण प्रशिक्षक व्हावयाचे असेल, त्याला पतियाळा येथे १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम आहे. जीवरक्षकाचे शिक्षण व परीक्षा निराळी असते.

या व्यवसायात कष्ट थोडे नाहीत. पहाटे पाच वाजता तलाव उघडावा लागतो. तासन्‌तास पाण्यात उभे राहून कातडी सुरकुतते. पाणी शुद्ध राखण्यासाठी घातलेल्या क्लोरीनने डोळे चुरचुरतात. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळी शिबिरांमुळे श्वास घेण्यास फुरसत नसते. पावसाळा लागला की शिकणाऱ्यांची रांग ओसरते आणि तिच्याबरोबर मिळकतही. नगरपालिकेच्या, महाविद्यालयाच्या अगर सैन्यदलाच्या तलावावर कायमची नोकरी मिळाली तर निराळी गोष्ट. त्यातल्या त्यात स्त्री-शिक्षिकांची उणीव फार भासते. स्त्री-शिक्षिका नाही म्हणून मुलीला पाठविले नाही, असे सांगणारे पालक जागोजाग भेटतात.

पण एका शिक्षकाच्या हातून काय घडू शकते, याची उदाहरणे आपल्या देशातच आहेत. १९५१ साली दिल्लीस पहिले आशियाई क्रीडासामने भरले, तेव्हा सचिन नाग यांनी १०० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. त्यांच्या हाताखाली कलकत्त्यातील एक लहानगी मुलगी पोहणे शिकत होती. तिचे नाव आरती साहा. १९५२ साली मुंबईच्या डॉली नाझिर यांच्याबरोबर ती हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये पोहली, तेव्हा तिला बारावे वर्षही पुरे झाले नव्हते. पुढे २९ सप्टेंबर १९५९ रोजी तिने इंग्लिश खाडी पार केली. असा पराक्रम करणारी ती आशियातील पहिली स्त्री ठरली.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे भूसेनेतील जवान. त्यांना मुष्टियुद्धाची आवड होती. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहावयास सांगण्यात आले. जमिनीवर जे शरीर उचलता येत नव्हते, त्याचा भार पाण्याने घेतला. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिक सामन्यांत पेटकरांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळविले. त्या सामन्यांत वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले भारतीय होत. २०१८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. तलावावर अपंग मूल आले की पुष्कळ ठिकाणी त्याला काठावरूनच परत पाठवितात. पेटकरांची हकीकत ठाऊक असलेला शिक्षक तसे करणार नाही.

तलाव बांधावयास मोठा खर्च येतो आणि प्रत्येक गावी तो होणे नाही. पण तलावच हवा असेही नाही. बांगलादेशात खेड्यांतील तळ्यांत बांबूंचे मचाण बांधून त्याच्या चौकटीत मुलांना पोहणे शिकवितात. मचाणाचा तळ पाण्याखाली ठराविक खोलीवर असतो, त्यामुळे मूल खाली जाऊ शकत नाही. शिकविणारे त्याच गावातील तरुण व तरुणी असतात. त्यांना आधी शिक्षण दिलेले असते. २५ मीटर पोहता आले आणि ३० सेकंद तरंगता आले म्हणजे मूल उत्तीर्ण. अशा रीतीने शिकलेल्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे तेथील पाहणीत आढळले. बांबू यवतमाळच्या जंगलातही आहे. गावतळीही आहेत. पाणी जाणणारी भोयांची व ढीवरांची मुले तर आहेतच. त्यांना शिकविण्याची रीत तेवढी शिकवावयाची आहे.

जिल्ह्यातील एखाद्या शहरात उन्हाळी शिबिर भरते, त्याचा शेवटचा दिवस सर्वांच्या ओळखीचा असतो. काठावर आईबाप छत्र्या घेऊन उभे असतात. पंधरा दिवसांपूर्वी कठडा न सोडणारी एक मुलगी आज तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निघाली आहे. शिक्षिका तिच्या बरोबरीने काठाने चालते आहे. हातात बांबू आहे, पण तो पुढे केलेला नाही. मध्यावर मुलीच्या नाकात पाणी जाते. ती घाबरत नाही. उताणी होते, दोन श्वास आभाळाकडे पाहून घेते, आणि पुन्हा पालथी होऊन हात मारू लागते. समोरच्या भिंतीला तिचे बोट लागते तेव्हा काठावर टाळ्या वाजतात. शिक्षिका टाळ्या वाजवीत नाही. ती डोकी मोजीत असते. सव्वीस मुले पाण्यात उतरली होती. ओल्या अंगाने रांगेत उभी राहिलेली मुले ती पुन्हा एकदा मोजते. सव्वीस. मग ती बांबू भिंतीला टेकवून ठेवते आणि त्या मुलीला टॉवेल देण्यासाठी जाते.